अनोळखी ताट आणि आहारशुद्धीचा प्रश्न

आहारशुद्धी ही नेमकी कशाची शुद्धी असते, अन्नद्रव्याची, ते रांधणाऱ्या-वाढणाऱ्या हातांची की खाणाऱ्याच्या चित्ताची, हा प्रश्न भारतीय दर्शनांत फार जुना आहे. परंतु त्याची खरी कसोटी घरच्या स्वयंपाकघरात लागत नाही, कारण तेथे द्रव्य ओळखीचे, हात ओळखीचे आणि नियम पिढ्यान्‌पिढ्या ठरलेले असतात. ही कसोटी परमुलखात, एखाद्या गल्लीतल्या साध्या खाद्यगृहात लागते, जेथे समोर येणाऱ्या पदार्थात काय काय मिसळले आहे हे त्याच्या नावावरूनही कळत नाही आणि रूपावरूनही कळत नाही. कॅनडातील क्वेबेक प्रांताचा पूटीन हा पदार्थ, आणि त्यातही त्यावर मांसाचे किंवा भाज्यांचे थर चढवलेला ‘लोडेड पूटीन’, हा या प्रश्नाच्या विचारासाठी विलक्षण सोयीचा आहे, कारण आहारासंबंधी जगातील मोठ्या धर्मांनी घालून दिलेल्या बहुतेक सर्व मर्यादा त्या एका बशीत एकमेकींना येऊन भिडतात.

पूटीनचे मूळ घटक तीनच आहेत: बटाट्याचे तळलेले जाडसर काप, चीजचे ताजे गोळे, आणि त्यांवर ओतलेली गरम तपकिरी ग्रेव्ही. चीजचे हे गोळे म्हणजे दूध साकळल्यावर, ते दाबून वडी करण्यापूर्वी आणि मुरवण्यापूर्वी मिळणारे कच्चे चीज होय. ते ताजे असेपर्यंत दाताखाली रबरासारखे करकरते, आणि ही करकर गेली की क्वेबेकचा खवय्या त्या पूटीनला पूटीन म्हणायलाही नाखूश असतो. पदार्थाच्या जन्माबद्दल दोन गावांचे दावे प्रसिद्ध आहेत. वॉरविक या गावात 1957 साली फेर्नां लाशाँस यांच्या उपाहारगृहात एका गिऱ्हाइकाच्या आग्रहावरून बटाट्याचे काप आणि चीजचे गोळे एकाच पिशवीत घातले गेले, असे एक पक्ष सांगतो. तर ड्रमंडव्हिल या शहरातील झाँ-पोल रॉय यांनी 1964 साली ग्रेव्हीसह हा पदार्थ सिद्ध केला, असा दुसऱ्या पक्षाचा आग्रह आहे. दुग्धव्यवसायाच्या या ग्रामीण पट्ट्यातून तो ‘कास-क्रूत’ नावाने ओळखल्या जाणाऱ्या रस्त्याकडेच्या, शेजारपाजारच्या लोकांच्या छोट्या खाद्यगृहांत गेला आणि तेथून मॉन्ट्रियलसारख्या महानगरात पोहोचला. मॉन्ट्रियलमध्ये 1968 साली सुरू झालेल्या ‘ला बांकीझ’ या खाद्यगृहात आज त्याचे तीसहून अधिक प्रकार मिळतात, आणि त्यांत बेकन म्हणजे खारवलेले डुकराचे मांस, सॉसेज, कोंबडी, वाटाणे, कांदा, मिरची असे नाना थर आढळतात.

धर्मविचाराच्या दृष्टीने या थरांचा प्रश्न वरवर वाटतो तितका अवघड नाही. बेकन डोळ्यांना दिसते, त्याचे नाव पाटीवर लिहिलेले असते, आणि ज्याला ते वर्ज्य आहे तो ते टाळू शकतो. अवघड प्रश्न आहे तो साध्या, थर न चढवलेल्या पूटीनचा, कारण त्यात न दिसणाऱ्या गोष्टी तीन आहेत. ग्रेव्ही बहुधा कोंबडीची किंवा गाईची हाडे आणि मांस उकळून काढलेल्या पाण्यावर आधारलेली असते. बटाटे कधी वनस्पती तेलात, तर कधी प्राण्याच्या चरबीत तळलेले असतात. आणि दूध साकळवण्यासाठी वापरलेले रेनेट, हे दूधपित्या वासराच्या चौथ्या जठरातून काढलेले असू शकते किंवा सूक्ष्मजीवांपासून तयार केलेले असू शकते. ताटात वा थाळीत पदार्थ वेगवेगळ्या वाट्यांत असतात आणि नको ती वाटी बाजूला सारता येते. पूटीनमध्ये ग्रेव्ही प्रत्येक कापात मुरते, चीज तिच्या उष्णतेने वितळून काप एकमेकांना चिकटवते, आणि एकदा बशी समोर आली की निवड करण्याची वेळ टळून गेलेली असते.

ज्या समाजात हा पदार्थ जन्मला तो समाज त्या काळी कट्टर कॅथॉलिक होता, आणि या पदार्थावर पहिला धर्मनियम लागू होत होता तो त्यांचाच. कॅथॉलिक चर्चच्या 1917 सालच्या धर्मसंहितेनुसार शुक्रवारी मांसवर्जन पाळायचे असे, आणि या वर्जनात मांसाबरोबर मांसाचा रस्साही स्पष्टपणे निषिद्ध होता. परंतु दूध, दुधाचे पदार्थ, अंडी आणि प्राण्यांच्या चरबीचा स्वयंपाकात केलेला वापर यांना मुभा होती. या नियमाप्रमाणे शुक्रवारी चरबीत तळलेले काप चालत, त्यांवरचे चीज चालत असे, आणि ग्रेव्ही मात्र चालत नसे. पोप सहावे पॉल यांनी 1966 साली प्रायश्चित्ताविषयी जे नवे फर्मान काढले त्यात रस्स्याचा निषेध गळाला, आणि मांसवर्जनाऐवजी दानधर्म किंवा उपासना असा पर्याय ठेवण्याचा अधिकार त्या त्या देशाच्या बिशपांना मिळाला. क्वेबेकच्या समाजजीवनावरील चर्चची पकड त्याच दशकात, ‘शांत क्रांती’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या परिवर्तनात, झपाट्याने सैल झाली. पूटीनचा प्रसार आणि शुक्रवारच्या नियमाचा लोप हे दोन्ही एकाच काळात घडले. त्यांत कार्यकारणभाव शोधण्याचे कारण नाही, पण ज्या द्रव्याला एका पिढीने पाप मानले ते पुढच्या पिढीला धर्मसत्तेच्याच आज्ञेने निर्दोष होऊ शकते, ही गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. याचा अर्थ असा की तेथे शुद्धाशुद्धतेचे अधिष्ठान द्रव्यात नव्हते, आज्ञापालनाच्या संयमात होते.

यहुदी धर्मशास्त्राची रचना याहून वेगळी आणि अधिक सूक्ष्म आहे. करडू त्याच्याच आईच्या दुधात शिजवू नये, ही आज्ञा मोशेच्या ग्रंथांत तीनदा येते, आणि तिचा विस्तार करून रब्बींनी, म्हणजे यहुदी धर्मशास्त्रज्ञांनी, मांस आणि दूध यांचा कोणताही संयोग निषिद्ध ठरवला, भांडी वेगळी केली, आणि पुढे कोंबडीच्या मांसालाही हा नियम लावला. म्हणजेच कोंबडीच्या रस्स्यात चीज घातलेले साधे पूटीनसुद्धा या शास्त्राप्रमाणे वर्ज्य आहे. मॉन्ट्रियलमध्ये या प्रश्नाला एक वेदनादायक पदर आहे. तेथील प्रसिद्ध ‘स्मोक्ड मीट’, म्हणजे मीठ-मसाल्यात मुरवून धुरी दिलेले गाईच्या छातीचे मांस, हे पूर्व युरोपातून आलेल्या यहुदी निर्वासितांनी त्या शहराला दिलेले अन्न आहे, आणि आज तेच मांस चीजच्या गोळ्यांवर पसरून ‘स्मोक्ड मीट पूटीन’ म्हणून आवडीने खाल्ले जाते. ज्या समाजाने ते मांस आणले त्याच्या शास्त्राने निषिद्ध मानलेल्या नेमक्या संयोगात ते आज त्या शहराचे वैशिष्ट्य म्हणून मिरवते. यात कोणाचा दुष्ट हेतू नाही. परंतु एखाद्या समाजाची चव घेणे आणि त्या चवीला धरून ठेवणारा नियम विसरणे हे किती सहज घडते, याचे हे ठळक उदाहरण आहे, आणि ज्यांना परंपरेची आस्था आहे त्यांना त्याबद्दल काही वाटल्याशिवाय राहू नये.

याच शास्त्रात रेनेटविषयी जो विचार आहे तो कोणत्याही तत्त्वज्ञाने अभ्यासावा असा आहे. निषिद्ध द्रव्य चुकून मिसळले आणि त्याचे प्रमाण एकूण पदार्थाच्या साठाव्या भागाहून कमी असले, तर ते लुप्त झाले असे मानावे, असा यहुदी शास्त्राचा एक सर्वसाधारण नियम आहे. रेनेटचे प्रमाण दुधाच्या तुलनेत याहूनही नगण्य असते, आणि तरीही निषिद्ध प्राण्याचे रेनेट लुप्त होत नाही, कारण दुधाला आकार देणारे, त्याचे चीज करणारे तेच आहे. जे द्रव्य पदार्थाला त्याचे रूप देते ते कितीही अल्प असले तरी उपेक्षणीय ठरत नाही, असा हा सिद्धांत आहे. इसवी सनाच्या दोनशेच्या आसपास संकलित झालेल्या मिश्ना या ग्रंथात परधर्मीयांच्या चीजवरील बंदीचे कारण एक रब्बी दुसऱ्याला पुन्हा पुन्हा विचारतो, प्रत्येक उत्तरावर आक्षेप घेतो, आणि अखेर उत्तर देणारा विषयच बदलतो, असा संवाद आला आहे. नियम पाळायचा पण त्याचे कारण विचारत राहायचे, ही त्या परंपरेची वृत्ती त्यातून दिसते. आधुनिक तंत्राने या प्रश्नाचे स्वरूप पालटले आहे. वासराच्या जठरातील कायमोसिन हे विकर जनुकतंत्राने सूक्ष्मजीवांकडून तयार करून घेण्याची पद्धत निघाली, 1990 साली अमेरिकेत तिला मान्यता मिळाली, आणि आज उत्तर अमेरिकेतील चीजचा मोठा भाग अशा विकरावर तयार होतो. त्यामुळे रेनेटविषयी मनात असलेला संशय अनेकदा निराधार ठरतो. पण तो निराधार आहे हे विचारल्याखेरीज कळत नाही.

इथे प्रश्नाचे मर्म येते. अनोळखी ताटापुढे बसलेल्या माणसावर विचारण्याचे कर्तव्य आहे काय? धर्मपरंपरांत याविषयी दोन प्रबळ प्रवाह आढळतात, आणि न विचारण्याच्या बाजूचा प्रवाह दुबळा मुळीच नाही. बौद्ध परंपरेत मज्झिमनिकायातील जीवक सुत्तानुसार भिक्षूला मांस तीन परिस्थितींत चालत नाही: प्राणी त्याच्यासाठी मारलेला त्याने पाहिला असेल, तसे ऐकले असेल, किंवा तशी शंका असेल तर; या तिन्ही गोष्टी नसतील तर भिक्षापात्रात पडलेले तो घेऊ शकतो. प्रेषित पॉलने करिंथ येथील ख्रिस्ती मंडळींना लिहिलेल्या पहिल्या पत्रात बाजारात विकले जाणारे मांस सद्‌सद्‌विवेकाच्या शंका न काढता खाण्याची मुभा दिली आहे, आणि ते मूर्तीला वाहिलेले आहे असे कोणी सांगितले तर मात्र त्या सांगणाऱ्याच्या मनासाठी खाऊ नये, अशी पुस्ती जोडली आहे. इस्लामी परंपरेत पैगंबरांचे सहचर सलमान फारसी यांच्याकडून आलेल्या एका कथनात चीज इत्यादींविषयी विचारले असता, ज्याविषयी ईश्वर मौन राहिला ते क्षम्य होय, असा आशय येतो. आणि हनफी या विधिपरंपरेच्या शास्त्रज्ञांनीही रेनेटच्या बाबतीत सौम्य भूमिका घेतली. या तिन्ही ठिकाणी शास्त्रकारांना एका खऱ्या रोगाची काळजी आहे: सतत संशय घेणारे मन, जे प्रत्येक घासात पाप शोधते, यजमानाला अपमानित करते, आणि धर्माला भीतीचे रूप देते.

दुसऱ्या प्रवाहाचे म्हणणे असे की अज्ञान हे निरागस तेव्हाच असते, जेव्हा ते टाळता येण्यासारखे नसते. तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात जैन आचार्य उमास्वातींनी हिंसेची जी व्याख्या केली आहे तिच्यात प्राणहरणाला प्रमादाची, म्हणजे बेसावधपणाची, जोड दिली आहे. केवळ प्राण जाणे एवढीच हिंसा नव्हे, बेसावध प्रवृत्तीने प्राण जाणे ही हिंसा. (जैन आचाराच्या दृष्टीने पूटीनचा निकाल ग्रेव्हीपर्यंत पोहोचण्यापूर्वीच लागतो, कारण बटाटा हा कंद अनंतकाय, म्हणजे एका देहात अनंत जीव असलेला, मानला जातो.) मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायात प्राणिवधाच्या दोषाचे भागीदार मोजताना अनुमती देणाऱ्यापासून खाणाऱ्यापर्यंतच्या साखळीत विकत घेणाऱ्याचाही समावेश केला आहे; त्याच अध्यायात मांसभक्षण ही प्राण्यांची स्वाभाविक प्रवृत्ती असून निवृत्ती महाफलदायी आहे असेही म्हटले आहे, ही गोष्ट नमूद केली नाही तर मनूवर अन्याय होईल. या प्रवाहाचे बळ असे की तो भिक्षू आणि ग्राहक यांत भेद करतो. भिक्षू मागत नाही, जे पात्रात पडेल ते घेतो; गल्लीतल्या खाद्यगृहात बसलेला माणूस पाटी वाचतो, पदार्थ सांगतो, पैसे देतो, आणि त्याच्या मागणीवर उद्याचे सामान ठरते. भिक्षूला मिळालेली सवलत ग्राहकाने स्वतःसाठी वापरणे हे त्या सवलतीच्या मूळ अर्थाशी प्रतारणा करण्यासारखे आहे. म्हणून ज्याने व्रत म्हणून काही वर्ज्य केले आहे, त्याने विचारलेच पाहिजे; आणि पॉल वा सलमान यांची उदार वचने त्याच्या आड येत नाहीत, कारण ती वचने शंकेने ग्रासलेल्या मनाला मोकळे करण्यासाठी आहेत, व्रत घेतलेल्याला डोळे मिटण्याची सोय देण्यासाठी नाहीत.

आता आरंभीच्या प्रश्नाकडे, म्हणजे शुद्धी कशाची याकडे, वळणे भाग आहे. छांदोग्य उपनिषदाच्या सातव्या अध्यायाच्या अखेरीस आहाराच्या शुद्धीतून सत्त्वाची, म्हणजे अंतःकरणाची, शुद्धी होते असे सांगितले आहे, आणि या एका विधानाचे दोन आचार्यांनी दोन अर्थ लावले आहेत. शंकराचार्यांच्या मते आहार म्हणजे इंद्रियांनी आत घेतलेले विषयज्ञान, आणि राग, द्वेष, मोह यांनी न डागळलेले ज्ञान हाच शुद्ध आहार. रामानुजाचार्यांची परंपरा अन्न हाच अर्थ धरते, आणि श्रीभाष्यात अन्नाचे तीन दोष सांगितले आहेत: जातिदोष, म्हणजे द्रव्याच्या स्वभावाचाच दोष; आश्रयदोष, म्हणजे ते ज्याच्याकडून येते त्या व्यक्तीमुळे येणारा दोष; आणि निमित्तदोष, म्हणजे केस, धूळ यांसारख्या बाह्य कारणाने येणारा दोष. यांतला पहिला दोष व्रताचा विषय आहे, तिसरा स्वच्छतेचा. दुसऱ्याने मात्र भारतीय समाजाचे अपरिमित नुकसान केले आहे, आणि हे स्पष्ट शब्दांत सांगितलेच पाहिजे. रांधणाऱ्याच्या आचरणाविषयीची ही काळजी व्यवहारात त्याच्या जातीविषयीची काळजी झाली, आणि भुकेल्या माणसाच्या हातचे पाणीही नाकारण्याला शास्त्राचा आधार सापडला. पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये 1890 साली ख्रिस्ती मिशनऱ्यांकडे चहा घेतल्याबद्दल न्यायमूर्ती रानडे आणि लोकमान्य टिळक यांच्यासारख्यांवर ग्रामण्याचा, म्हणजे जातिबहिष्काराचा, प्रसंग ओढवला, प्रकरण शंकराचार्यांच्या पीठापर्यंत गेले, आणि दोघांनाही प्रायश्चित्ताची वाट धरावी लागली. त्या पेल्यातल्या द्रव्यात कोणताही दोष नव्हता, आक्षेप होता तो देणाऱ्या हातावर. वारकरी परंपरेने याला दिलेले उत्तर काल्याचे आहे. आषाढी पौर्णिमेला गोपाळपूर येथे होणारा गोपाळकाला म्हणजे सर्वांच्या शिदोऱ्या एकत्र कालवून सर्वांनी एकमेकांच्या हातून खायचा प्रसाद, आणि तेथे कोणाचा घास कोणाचा हे शोधण्याला जागाच उरत नाही. असे असूनही पंढरपूरच्या मंदिराची दारे अस्पृश्य मानलेल्यांना 1947 साली साने गुरुजींच्या उपोषणानंतरच उघडली, यावरून आश्रयदोषाची कल्पना किती खोल रुजली होती हे कळते.

पूटीनच्या बाबतीत हा दोष वेगळ्या वेशात प्रकट होतो. हा पदार्थ ग्रामीण, फ्रेंच भाषक, कष्टकरी लोकांचा, आणि म्हणून तो कित्येक दशके हिणवला गेला. क्वेबेकच्या लोकांची टवाळी करायची असली की त्यांच्या या ‘गिचक्याचा’ उल्लेख केला जाई, आणि खुद्द क्वेबेकमधील सुशिक्षितांनाही तो लाजिरवाणा वाटे. पुढे मोठ्या उपाहारगृहांनी त्यावर मौल्यवान पदार्थांचे थर चढवले, तो साऱ्या कॅनडाचा राष्ट्रीय पदार्थ म्हणून गौरवला जाऊ लागला, आणि तेव्हा ज्यांना त्याच्यावरून हिणवले गेले त्यांचे नाव मागे पडले, अशी रास्त तक्रार क्वेबेकचे अभ्यासक करतात. शंकराचार्यांचा अर्थ येथे आपले सामर्थ्य दाखवतो. शेजारच्या मेजावरील बशीकडे पाहून ज्याच्या मनात किळस आणि तुच्छता उमटते, त्याने स्वतः केवळ फळे खाल्ली तरी द्वेषाने डागळलेला विषय आत घेतलाच आहे, आणि त्याच्या आहाराला शुद्ध म्हणणे कठीण आहे. रामानुजांचा जातिदोष आणि शंकरांची रागद्वेषरहितता ही दोन्ही एकत्र धरली, आश्रयदोष मात्र निःसंकोच सोडून दिला, तरच आहारशुद्धी हा विचार आजच्या जगात माणसाला माणसापासून न तोडता टिकू शकतो.

एक प्रश्न उरतो तो कुतूहलाचा. छांदोग्याच्या पहिल्या अध्यायात उषस्ती चाक्रायण या विद्वानाची कथा आहे: दुष्काळात तो एका माहुताकडून त्याने उष्टावलेले उडीद मागून खातो, पण त्याचे उष्टे पाणी नाकारतो; उडीद न खाल्ले तर प्राण गेला असता, पाणी मात्र हवे तेवढे मिळते, असे त्याचे उत्तर आहे. ब्रह्मसूत्रांच्या तिसऱ्या अध्यायात याच कथेच्या आधारे प्राणसंकटात सर्व अन्नाची अनुमती आहे आणि एरवी ती नाही, असा निर्णय दिला आहे. नवा पदार्थ चाखून पाहण्याची इच्छा हे प्राणसंकट नव्हे, आणि ‘परदेशात सगळे चालते’ या समजुतीला या कथेत कसलाही आधार नाही. परंतु कुतूहल हा दोषही नव्हे. दुसऱ्या समाजाचे अन्न समजून घेणे हे त्या समाजाला समजून घेण्याचे एक साधन आहे, आणि जिभेच्या हव्यासाहून ते निराळे ठेवता येते. उषस्तीची खरी शिकवण विवेकाची आहे: गरज कुठे संपते हे त्याला ठाऊक होते, आणि तो तेथेच थांबला.

भारतात वेष्टनावरच्या हिरव्या ठिपक्याने हा विवेक कारखान्याकडे सोपवला गेला आहे, आणि त्या ठिपक्याची सवय झालेली मराठी कुटुंबे टोरांटो-मॉन्ट्रियलला स्थायिक झाली की पहिल्यांदाच त्यांना स्वतः विचारण्याची वेळ येते, कारण कॅनडात असे सक्तीचे चिन्ह नाही. ती वेळ टाळू नये. पदार्थ सांगण्यापूर्वी ग्रेव्ही कशाची आहे, काप कशात तळतात आणि चीजचे रेनेट कोणते, हे तीन प्रश्न सरळ, नम्रपणे विचारावेत. ग्रेव्ही किंवा रेनेट न चालणारे निघाले, पण काप वनस्पती तेलात तळलेले असतील, तर नुसते काप मागवावेत, उत्तर ठाऊक नाही असे म्हटले तर व्रतस्थाने ते न चालणाऱ्यासारखेच मानावे, आणि सोबतच्याने बेकन घातलेली बशी मागवली तर तिच्याविषयी एक शब्दही काढू नये. मुलांना नियम शिकवताना तो आपला आहे एवढेच शिकवावे; दुसऱ्याचे अन्न घाणेरडे आहे असे कधीही शिकवू नये. आणि विचारणे वाया जात नाही: मॉन्ट्रियलमधील अनेक खाद्यगृहांत आता मांसाच्या रस्स्याऐवजी भाज्यांवर किंवा अळंबीवर आधारलेली ग्रेव्ही मागितल्यास मिळते.